पिळाचं यंत्र की वजनाचं?

विज्ञान प्रदर्शनासाठी वेढ्यातल्या दगडफेकी यंत्राची प्रतिकृती करायची, तर मुख्य पर्याय दोन: रोमनांचं ओनेजर किंवा मध्ययुगातलं ट्रेब्युशे.

ओनेजरची ताकद पिळात. जनावरांच्या स्नायूंच्या किंवा केसांच्या जाड दोरांना पीळ भरायचा, त्यात दांडा खोचायचा, मागे ओढून सोडायचा. दांडा समोरच्या आडव्या तुळईवर आपटतो. ओनेजर म्हणजे रानगाढव; नाव त्याच्या लाथेवरून पडलं. चौथ्या शतकातला इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस सांगतो, की हे यंत्र दगडी भिंतीवर ठेवलं तर धक्क्यानं भिंतच खिळखिळी होते. घरी ते आइस्क्रीमच्या काड्या आणि सुतळीतून एका संध्याकाळी उभं राहतं. पण पीळ सैल पडत जातो, दमट हवेत तर लवकरच, आणि दर फेकीला गोळा वेगळीकडे पडतो.

ट्रेब्युशेत पीळच नाही, साधी तरफ आहे. आखूड बाजूला जड पेटी, लांब बाजूच्या टोकाला गोफण. शेतात पाखरं हाकताना आपण गोफणीचा एक दोर बोटात अडकवतो आणि दुसरा सोडतो ना, तसंच इथं. एक दोर दांड्याला पक्का, दुसऱ्याची कडी नुसती खिळ्यावर. दांडा वर आला की ती आपोआप निसटते. पेटी दर वेळी तेवढ्याच उंचीवरून, तेवढ्याच वजनानं पडते. म्हणून दगड पुन्हा पुन्हा जवळपास त्याच जागी बसतो, आणि तटबंदी फोडायला नेमकं तेच लागतं. १३०४ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यातले लोक शरण यायला तयार होते, तरी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं त्यांना थांबवलं. का? त्याचं ‘वॉरवुल्फ’ नावाचं नवंकोरं ट्रेब्युशे वापरून बघायचं राहिलं होतं! राजाची ही हौस मला जरा पोरकटच वाटते.

प्रदर्शन उद्यावर आलं असेल तर ओनेजर करा. दोन-तीन दिवस हातात असतील तर मी ट्रेब्युशेच म्हणेन: परीक्षकांसमोर तीनदा फेकून गोळा तीनदा एकाच परातीत पाडता येतो. लांब भुजा आखूड भुजेच्या चौपट ठेवा, पेटीत गोळ्याच्या साधारण शंभरपट वजनाची वाळू भरा. खरी खटपट त्या खिळ्याची. तो किती वाकवायचा हे जमेपर्यंत गोळा सरळ वर जातो, कधी मागेही येतो, तेव्हा बघ्यांना बाजूला उभं करा.