परफेटोची क्वेरीभाषा: गाळायला नेटकी, स्थिती मांडायला तोकडी

ट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम चालताना घडलेल्या घटनांची (इव्हेंटांची) वेळेसकट केलेली नोंद, उघडून बसलेला माणूस दोन अगदी वेगळ्या जातींचे प्रश्न विचारत असतो. अमुक थ्रेडने (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका धाग्याने) केलेल्या कोणत्या सिस्टम कॉलला (ऑपरेटिंग सिस्टमकडे केलेल्या मागणीला) एरर परत आला, हा पहिल्या जातीचा प्रश्न. त्यासाठी एकेक इव्हेंट हातात घेऊन त्याला होय किंवा नाही म्हणणारे एक्स्प्रेशन पुरते. हा थ्रेड लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या ताब्यासाठी) थांबून राहिला असताना सीपीयूवर कोण चालत होते, हा दुसऱ्या जातीचा प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्याही एका इव्हेंटमध्ये लिहिलेले नसते, ते दोन इव्हेंटांमधल्या काळात असते आणि तो काळ कोणत्या स्थितीत गेला हे आपल्याला रचून काढावे लागते. गूगलच्या परफेटो या ट्रेस नोंदवून तपासणाऱ्या मुक्तस्रोत साधनाची क्वेरीभाषा मी या दोन्ही कामांसाठी बराच काळ वापरतो आहे. पहिल्या कामात ती मला जवळजवळ निर्दोष वाटते. दुसऱ्या कामात ती अर्ध्या वाटेपर्यंत उत्तम सोबत करते आणि तिथून पुढे आपल्याला एकटे सोडते.

परफेटोने गाळण्यासाठी नवी भाषा घडवलीच नाही, हा त्यातला सर्वांत शहाणा निर्णय आहे. ट्रेस वाचून त्याची टेबले केली जातात आणि एसक्यूलाइट या लहान डेटाबेसच्या आधाराने त्यांच्यावर टेबलांना प्रश्न विचारायची नेहमीची भाषा, एसक्यूएल, चालते. त्यात स्वतःचे फंक्शन, मॅक्रो आणि तयार मॉड्यूलांचे भांडार यांची भर घातलेली आहे, पण पाया ओळखीचाच राहतो. थ्रेडचा आयडी ऑपरेटिंग सिस्टम पुन्हा वापरते, हे लक्षात घेऊन प्रत्येक थ्रेडला ट्रेसपुरता एकमेव असा वेगळा क्रमांक दिलेला आहे. ज्याने कधी दोन वेगळ्या थ्रेडांच्या नोंदी एकाच आयडीखाली मिसळलेल्या पाहिल्या असतील, त्याला या लहानशा सोयीची किंमत कळेल. लिनक्स कर्नलच्या एफट्रेस या अंगभूत ट्रेसरमधले इव्हेंट फिल्टर याच्या तुलनेत फार साधे आहेत: संख्यांची तुलना, एक बिट तपासणारी खूण, अक्षरमालांसाठी समानता आणि ग्लोब (तारांकनासारख्या खुणांनी नमुना जुळवणे), एवढाच त्यांचा संसार. अर्थात ते नोंद होतानाच गाळतात, त्यामुळे तिथे वेगाला महत्त्व असणे साहजिक आहे. पण तिथे गाळलेले परत मिळत नाही, आणि परफेटोत क्वेरी चुकली तर ती फक्त पुन्हा लिहायची असते.

ओळखीच्या भाषेबरोबर तिचे जुने खड्डेही येतात, आणि त्यांतला सर्वांत खोल खड्डा ‘बरोबर नाही’ या चिन्हाचा आहे. इव्हेंटसोबत आलेले आर्ग्युमेंट (जोडमाहिती) काढून त्याची एखाद्या किमतीशी असमानता तपासली, की ज्या नोंदींमध्ये ते आर्ग्युमेंटच नाही त्या नोंदीही निकालातून गुपचूप गळतात, कारण नलशी (किंमतच नसल्याच्या खुणेशी) केलेल्या तुलनेचे उत्तर नलच येते. त्याऐवजी ‘इज नॉट’ लिहिले तर अपेक्षित उत्तर मिळते, पण हे माहीत असावे लागते. नकाराचा अर्थ ठरवणे वाटते तितके सोपे नाही, याची साक्ष नेटवर्कवरची पॅकेटे तपासणाऱ्या वायरशार्क या साधनाच्या डिस्प्ले फिल्टरनेही दिलेली आहे. एका पॅकेटमध्ये स्रोत आणि गंतव्य असे दोन पत्ते असतात. त्यामुळे ‘पत्ता अमुक नाही’ असे लिहिले, की दोनपैकी एक पत्ता वेगळा असला तरी पॅकेट निवडले जाई. लोक वर्षानुवर्षे त्यात अडखळले आणि 2021 मध्ये आलेल्या 3.6 या आवृत्तीत त्या चिन्हाचा अर्थ बदलून समानतेचा सरळ नकार असा करण्यात आला.

आता स्थितीकडे वळू. परफेटोची खरी कमाई म्हणजे तिथे काळाचा तुकडा ही टेबलातली एक साधी ओळ असते: सुरुवातीची वेळ, नॅनोसेकंदांतला कालावधी आणि स्थितीचे नाव. शेड्युलरच्या (सीपीयू कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाच्या) अदलाबदलीच्या आणि थ्रेड जागा केल्याच्या इव्हेंटांवरून प्रत्येक थ्रेड केव्हा चालत होता, केव्हा चालायला तयार होता आणि केव्हा झोपला होता, याचे टेबल आधीच रचून मिळते. अशी दोन टेबले एकमेकांवर ठेवून जिथे दोन्ही तुकडे एकाच वेळी लागू आहेत तेवढा भाग कापून देणारे स्पॅन जॉइन हे ऑपरेटर तर या भाषेचे भूषण आहे. कोणता थ्रेड सीपीयूच्या किती फ्रिक्वेन्सीवर किती काळ चालला, हे त्याने काही ओळींत निघते. त्याच्या अटी मात्र आधी वाचाव्यात. एका विभागात (उदाहरणार्थ, एका सीपीयूच्या नोंदींत) एकाच टेबलातले तुकडे एकमेकांवर चढलेले चालत नाहीत, आणि विभाग पाडणारा कॉलम अक्षरांचा असेल तर त्याचा हॅश करून संख्या बनवावी लागते.

एक बाब मात्र मला रचनेतली चूकच वाटते. ट्रेस संपेपर्यंत जो तुकडा संपला नाही, त्याचा कालावधी उणे एक असा लिहिला जातो. परिणामी ‘दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त काळ अडकलेले दाखव’ अशी अगदी स्वाभाविक अट लिहिली, की शेवटपर्यंत न सुटलेला लॉक, म्हणजे बहुधा ज्याच्यासाठी ट्रेस घेतला तोच, यादीत येत नाही. न संपलेपणा ही स्वतंत्र माहिती आहे. ती कालावधीच्या कॉलममध्ये खोटी संख्या म्हणून कोंबायला नको होती.

आपली स्वतःची स्थिती मांडायची वेळ येते तेव्हा ही भाषा थकते. प्रत्येक इव्हेंट पुढची स्थिती स्वतःच सांगत असेल, तर विंडो फंक्शनने (शेजारच्या ओळी पाहू देणाऱ्या एसक्यूएलच्या सोयीने) पुढच्या ओळीची वेळ उचलायची आणि तुकडा तयार करायचा, एवढेच काम उरते. पण एरर आल्यावर पहिल्या खेपेस पुन्हा प्रयत्न आणि दुसऱ्या खेपेस जोडणी बंद, असा नियम असेल, म्हणजे त्याच इव्हेंटचा अर्थ आधीच्या स्थितीवर अवलंबून असेल, तर रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या) क्वेरीचे जंजाळ तरी उभारावे लागते, नाहीतर सगळे पायथनमध्ये न्यावे लागते. ट्रेस कंपास या ट्रेस तपासणाऱ्या दुसऱ्या साधनाने नेमकी हीच गरज ओळखलेली आहे: स्थितींचे एक झाड, प्रत्येक गुणधर्माच्या काळाचे तुकडे, ते डिस्कवर साठवणारी रचना आणि संक्रमणांच्या अटींसह लिहिता येणारी स्टेट मशीन. फक्त ती लिहायची एक्सएमएलमध्ये, आणि तिथे साधी तुलनासुद्धा कित्येक टॅगांच्या आत जाऊन बसते. लिनक्सवरच्या बीपीएफट्रेस या साधनाची मांडणी याहून आटोपशीर आहे: दोन तिरक्या रेघांमध्ये अट, थ्रेडच्या आयडीने उघडणारा मॅप (किल्ली देऊन किंमत ठेवायची जागा), सुरुवातीला त्यात वेळ ठेवायची आणि शेवटी वजा करून पुसायची. हा वारसा 2005 मध्ये सोलारिस 10 या ऑपरेटिंग सिस्टमसोबत आलेल्या डीट्रेस या ट्रेसरचा. पण बीपीएफट्रेस चालू यंत्रावर चालते. साठवलेल्या ट्रेसवर त्याचा उपयोग नाही.

मला हवे आहे ते असे: गाळताना जे एक्स्प्रेशन लिहितो, तेच जसेच्या तसे संक्रमणाची अट म्हणून चालावे, आणि एका ओळीत ‘कोणाची स्थिती, कोणता इव्हेंट, कोणत्या अटीवर, कोणत्या स्थितीकडे’ एवढेच सांगता यावे. ट्रेस सुरू होण्याआधीची स्थिती ‘अज्ञात’ आणि शेवटची ‘न संपलेली’ अशी नावानिशी मिळावी. तुकड्यांचे टेबल आणि स्पॅन जॉइन आधीच असल्यामुळे परफेटो या रचनेच्या सर्वांत जवळ उभा आहे. तोपर्यंत शेड्युलर, फ्रिक्वेन्सी आणि फ्रेम यांचे प्रश्न असलेल्यांनी तो निःशंक वापरावा. ज्यांचे काम प्रोटोकॉलच्या स्थितींवर चालते, त्यांनी ट्रेस कंपासची एक्सएमएल सोसावी किंवा पायथनची एक फाइल शेजारी ठेवावी. आणि कालावधीवर अट लिहिणाऱ्या प्रत्येकाने तिच्यापुढे ‘किंवा उणे एक’ जोडायला विसरू नये.