अपघाताच्या क्लेमसाठी वकील, ३.५ स्टार

भावाला ट्रकने उडवलं, पाय मोडला, म्हणून शिवाजीनगर कोर्टातल्या एका वकिलांकडे केस दिली. माणूस कामाचा, फोन मात्र उचलत नाही. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, ओरिजिनल बिलं पहिल्याच भेटीत मागितली, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली (भरपाईचा अर्ज) ६ महिन्यांत अर्ज टाकायचा असतो हेही तेव्हाच सांगितलं आणि अपघात सोलापूरकडे झाला तरी आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्ये (अपघात भरपाईचं कोर्ट) केस चालते म्हणे, आम्हाला कुठे माहीत! इन्शुरन्सवाला थोडक्या पैशांत मिटवा म्हणून मागे लागला होता, वकिलांनी सहीच करू दिली नाही, ते बेस्ट. फी आधी टक्क्यात मागितली, बार कौन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) नियमात बसत नाही ते, मग भांडून फिक्स रकमेवर आणलं. शेवटी लोकअदालतीत मिटलं, रक्कम बरी मिळाली.