पिवळं वेस्ट, रेडियम आणि दोन जादा दिवे: नऊ महिन्यांनंतर

नऊ महिन्यांपूर्वी सकाळच्या लख्ख उन्हात एक कार गल्लीतून निघाली आणि थेट माझ्यासमोर आडवी आली. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक थोडं सरकलं आणि कारच्या दारापासून हातभर अंतरावर बाईक थांबली. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "खरंच दिसला नाहीत हो तुम्ही," एवढंच तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. निघण्याआधी त्याने माझ्या बाजूला मान वळवून पाहिलं होतं आणि ते मी पाहिलं होतं. माझं जॅकेट काळं, हेल्मेट काळं, बाईकही काळी. हेडलाइट मात्र चालू होता.

त्याच आठवड्यात मी चार गोष्टी घेतल्या: फ्लोरोसंट पिवळं वेस्ट, पांढरं हेल्मेट, रेडियमचा रोल आणि पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, म्हणजे फोर्कच्या दोन्ही बाजूंना लावायचे दोन छोटे एलईडी दिवे. तेव्हापासून सुमारे ११ हजार किलोमीटर झाले आहेत. त्यात ऊन, धुकं, रात्र आणि भरपूर पाऊस आला.

आधी वेस्टबद्दल. त्यात दोन वेगळी कामं करणारं कापड असतं, हे मला घेताना नीट कळलं नव्हतं. पिवळा भाग उन्हातले अतिनील किरण शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला तो आजूबाजूच्या सगळ्यापेक्षा उठून दिसतो. रात्री हेडलाइटच्या उजेडात त्याचा हा गुण जवळजवळ संपतो. तेव्हा कामाला येतात त्या चंदेरी पट्ट्या. त्यांच्यात काचेचे बारीक मणी असतात आणि उजेड जिथून आला तिकडेच ते परत पाठवतात. आपण याला सर्रास रेडियम म्हणतो खरं, पण ते स्वतःहून चमकत नाही. समोरच्याचे दिवे तुमच्यावर पडलेच नाहीत, तर ती पट्टी अंधारात अंधारच.

पहिलं वेस्ट सैल होतं. वेग वाढला की ते फडफडायचं, वेल्क्रो सुटायचा आणि मानेला घासायचं. महिन्याभरात ते बाजूला ठेवून चेन असलेलं, कमरेला आवळता येणारं घेतलं. घेताना रेनकोट अंगात ठेवून मापाचं पाहा. पाऊस आला की आपण वेस्टवर गडद रेनकोट चढवतो आणि नेमकं सगळ्यात कमी दिसतं त्या वेळी वेस्ट आत झाकलं जातं. मी आता वेस्ट रेनकोटच्या वरूनच घालतो.

खरा धडा मिळाला तो तिसऱ्या महिन्यात. एका रात्री मी धाकट्या भावाला माझं हेल्मेट, वेस्ट आणि पाठीवरची सॅक देऊन बाईकवर बसवलं. रस्ता रिकामा होता, दिवे नव्हते. मी कार घेऊन दूर गेलो आणि मागून लो बीमवर हळूहळू जवळ येत राहिलो. आधी दिसला बाईकचा टेललाइट, लाल ठिपका. तो किती लांब आहे याचा काही पत्ता लागेना. मग दिसली मडगार्डच्या खालच्या टोकाला मी लावलेली लाल रेडियमची पट्टी आणि भावाच्या बुटांच्या टाचांवरचे दोन तुकडे. वेस्ट? दिसलंच नाही. अगदी जवळ आल्यावर खांद्यांवर दोन पिवळ्या चिंध्या तेवढ्या दिसल्या. पाठीवरच्या काळ्या सॅकने त्या दोन्ही आडव्या पट्ट्या पूर्ण झाकल्या होत्या. म्हणजे अडीच महिने मी सॅक लावून रात्री घरी येत होतो आणि मागून येणाऱ्यांच्या दृष्टीने वेस्ट घातलंच नव्हतं.

सॅक काढून पुन्हा पाहिलं तर फरक जमीन-अस्मानाचा. तरीही सगळ्यात आधी चमकलं ते खालचंच. कारण साधं आहे: लो बीम खाली रोखलेला असतो. त्याचा बहुतेक उजेड रस्त्यावर आणि गुडघ्याखाली पडतो, छातीपर्यंत फार कमी पोचतो. दुसऱ्या दिवशी मी सॅकवर रुंद पट्टी शिवून घेतली आणि बुटांच्या मागे, चाकांच्या रिमवर, मागच्या मडगार्डवर रेडियम वाढवलं. मागे लाल, पुढे पांढरं, एवढा नियम पाळला. माझ्या सगळ्या खर्चात सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी वस्तू हीच निघाली. लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, नाहीतर कडा उचलल्या जातात. माझ्या रिमवरचे दोन तुकडे असेच गेले. आणि चिखल बसला की पट्टी मेली असं समजा, पावसाळ्यात रोज एक ओला फडका फिरवावा लागतो. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा, आरशासमोर उभं राहून हे कळत नाही.

हेल्मेटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पांढरं आहे, उन्हात कमी तापतं, कारच्या टपांवरून दिसतं. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड भागातला एक अभ्यास आला होता. त्यात काळ्याच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना जखमी करणाऱ्या अपघाताचा धोका २४ टक्के कमी आढळला, फ्लोरोसंट किंवा रेडियमचे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के, आणि दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना २७ टक्के. बाईकच्या रंगाने फरक पडलेला दिसला नाही. मला वाटतं, वेस्ट घालणारा माणूस मुळात जपून चालवणाराही असतो, त्यामुळे सगळं श्रेय कापडाला देऊ नये. पण मी ते घालणं सोडणार नाही.

जादा दिव्यांनी मात्र माझं मत बदललं. एकटा हेडलाइट म्हणजे एक ठिपका. तो जवळ येतोय की लांब आहे हे समोरच्याला कळत नाही. खाली दोन्ही बाजूंना दोन दिवे लावले की त्रिकोण होतो आणि जवळ येताना तो त्रिकोण पसरत जातो. दिवे बसवल्यापासून समोरून ओव्हरटेक करायला निघालेल्या गाड्या परत आपल्या लेनमध्ये जाताना मी जास्त वेळा पाहिल्या. सुरुवातीला मात्र लोक मला सारखे डिप्पर देत होते. दिवे जरा वर रोखलेले होते. भिंतीसमोर बाईक उभी करून खाली वळवले आणि तक्रार थांबली. दुसऱ्याचे डोळे दिपवणारा दिवा तुम्हाला लपवतोच, त्यामागचा माणूस दिसत नाही.

तरी सकाळच्या त्या कारचं काय? तिच्यासमोर हे सगळं असतं तर ती थांबली असती का? मला खात्री नाही. आपण मान वळवतो तेव्हा डोळे सलग सरकत नाहीत, उड्या मारतात आणि उडीच्या मधलं मेंदू घेत नाही. बाईकसारखी अरुंद वस्तू त्या फटीत सहज हरवते, नाहीतर कारच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड जाते. शिवाय सरळ रेषेत येणारी बाईक लांबून जागची हललेली वाटत नाही आणि मग एकदम मोठी होते. ६० च्या वेगात आपण सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जातो. अमेरिकेत १९८१ साली आलेल्या हर्ट अहवालात लॉस एंजेलिस भागातले बाईकचे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. ज्यांत दुसरी गाडी होती त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश अपघातांत त्या दुसऱ्या ड्रायव्हरने बाईकचा हक्काचा रस्ता अडवला होता.

म्हणून आता गल्लीच्या तोंडाशी कार दिसली की मी लेनमध्ये सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतो, आरसा पाहून. आडवी हालचाल डोळ्याला लगेच टिपता येते. ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे न पाहता कारच्या पुढच्या चाकाकडे पाहतो, कारण चाक फिरायला लागलं की कळतं. ट्रकच्या मागे अगदी चिकटून जात नाही, समोरून येणाऱ्याला मी तिथे दिसूच शकत नाही. आणि गिअर उतरवून वेग कमी करतो तेव्हा ब्रेकला हलका स्पर्श करतो, नाहीतर मागचा लाल दिवा लागतच नाही. सिग्नलला थांबलो तरी मागची गाडी थांबेपर्यंत तो दोन-तीनदा लुकलुकवतो.

या नऊ महिन्यांत तशी थेट आडवी आलेली कार एकदाच भेटली. तेव्हा मी आधीच सरकलो होतो, बोटं ब्रेकवर होती आणि ती अर्ध्यावर थांबली. वेस्टमुळे की सरकण्यामुळे, सांगता येणार नाही.

वेस्टचे खांदे आता फिके पडलेत. परवा नवीन आणून शेजारी ठेवलं तेव्हा जुनं किती मेलंय ते दिसलं, रोज पाहून कळलं नव्हतं. आतल्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते चालेल याचा आकडा असतो, तो मी पहिल्या दिवशी वाचलाच नव्हता. नवीन वेस्टवर घेतल्याची तारीख आत पेनने लिहून ठेवली आहे.