मथळ्याची तक्रार: संपादकाकडे की प्रेस कौन्सिलकडे?

"दोन मुलांची आई प्रियकरासोबत पसार." हा पेपरातला मथळा. आमच्या वडगावातली ही बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून खानापूरला माहेरी गेली होती. त्याच पानावर बायकापोरं सोडून गेलेल्या एका गृहस्थाची बातमी होती, "व्यावसायिक बेपत्ता". त्याची मुलं कुणी मोजली नव्हती. बाईच्या भावाने विचारलं, वहिनी, तक्रार करायची तर कुठे?

संपादकाकडे जायला खर्च नाही, ऑफिस गावात, अर्ज मराठीत. आम्ही दिला. चौथ्या दिवशी खुलासा आला: तीन ओळी, पाचव्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली. मथळा मात्र पहिल्या पानावर होता! भाऊ चिडला, पण सासरच्यांपुढे ठेवायला तेच कात्रण कामी आलं. अडचण एवढीच की बातमीदार ओळखीचा निघतो आणि "जाऊ द्या हो" म्हणत चहा मागवतो. चहा प्या, पण अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.

ती पोच पुढे लागते, कारण आधी संपादकाला लिहिल्याशिवाय प्रेस कौन्सिल सहसा तक्रार घेत नाही. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी, १९७८ च्या कायद्याने चालणारी ही संस्था दिल्लीत आहे. दैनिकातल्या मजकुराबद्दल दोन महिन्यांच्या आत लिहावं लागतं. फी नाही. पेपर बेळगावात छापला की कोल्हापुरात, फरक पडत नाही; आपल्याला एरवी जागोजागी आडवा येणारा सीमाप्रश्न इथे तरी येत नाही. पण कौन्सिल दंड करत नाही. ताकीद देते, ठपका ठेवते, आणि त्यालाही वेळ लागतो.

खरी मेहनत भाषांतराची. कात्रणासोबत इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि मथळ्यातला डंख तिथेच धुऊन जातो. मराठीत चोर पसार होतात, हे दिल्लीतल्या माणसाला कसं कळणार? "विवाहिता" हा मथळ्यातला नेहमीचा शब्द. पुरुषाच्या बातमीत "विवाहित" कधी वाचलाय? अशा शब्दांखाली दोन ओळींची टीप घालाच.

वेबसाइटचं वेगळं. २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत तक्रार अधिकारी आणि १५ दिवसांची मुदत आहे, पण त्यातल्या आचारसंहिता पाळण्याच्या ९(१) आणि तक्रार निवारणाच्या तीन पायऱ्यांच्या ९(३) या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. तरी अर्ज करा, तिथे मथळा बदलायला दोन मिनिटं लागतात. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बलात्कारपीडितेची ओळख छापली असेल तर मात्र दोन्ही रस्ते सोडा आणि पोलिसांत जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

बाकी माझं मत विचाराल तर आधी संपादक. खुलासा मिळाला नाही किंवा तोच पेपर पुन्हा तसंच छापू लागला, तरच दिल्ली. भावाने मात्र दिल्लीचं ठरवलंय. कागद तयार आहेत, "पसार"वर गाडी अडलीय.