मे महिना, गणपती की डिसेंबर? कोकणातल्या सिनेमाची तारीख ठरवताना

देवगडच्या एका मित्राने दोन पावसाळे घालवून सिनेमा पुरा केला. मिक्सिंग संपत आलंय आणि घरात एकच वाद चालू आहे: लावायचा कधी? पैसे घातलेल्या मेव्हण्याला गणपती हवा. मित्राला डिसेंबर हवा, कारण ‘अवॉर्डवाले सिनेमे डिसेंबरातच येतात’. वितरक म्हणतो, मे. मी तालुक्याच्या गावातल्या एका थिएटरात नऊ वर्षं बुकिंगच्या खिडकीत बसलो, म्हणून त्याने मला विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण असा प्रश्न पडलेले आणखीही असतील.

आधी अवॉर्डचं बघू. डिसेंबरची समजूत अमेरिकेतली आहे. तिकडे ऑस्करचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं मोजतात, आणि मतदारांच्या डोक्यात सिनेमा ताजा राहावा म्हणून वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत झुंबड उडते. तिथेही हे काही ब्रह्मवाक्य नाही. ‘द सायलेन्स ऑफ द लँब्स’ फेब्रुवारी १९९१ मध्ये लागला आणि पुढच्या वर्षी मोठे पाचही ऑस्कर घेऊन गेला.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांना तर थिएटरच्या तारखेशी देणंघेणंच नाही. तिथे बघतात ती सेन्सॉर सर्टिफिकेटची तारीख, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. ‘वाळवी’ थिएटरात आला १३ जानेवारी २०२३ ला, पण सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो २०२२ सालचा. ‘सैराट’ लागला २९ एप्रिल २०१६ ला, आणि रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख त्याच्या महिनाभर आधी जाहीर झालेल्या २०१५ च्या पुरस्कारांत होता. म्हणजे सर्टिफिकेट घ्यायची तारीख वेगळी ठरवा आणि पडद्यावर यायची वेगळी. मित्राला हे माहीत नव्हतं. त्यामुळे निम्मा वाद तिथेच संपला.

आता यातली मेख. पूर्वी अवॉर्ड आधी मिळवून मग सिनेमा लावायची युक्ती जमायची. ‘कोर्ट’ला मार्च २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि एप्रिलमध्ये तो थिएटरात आला. पोस्टरवर सुवर्णकमळ, पेपरात बातमी ताजी. आज हे करून बघा. २०२२ चे पुरस्कार जाहीर झाले १६ ऑगस्ट २०२४ ला, २०२३ चे १ ऑगस्ट २०२५ ला. तेवढा काळ सिनेमा डब्यात ठेवायचा तर कर्जाचं व्याज मेव्हण्याच्या बागेतला आंबा खाऊन टाकेल. अवॉर्ड मिळालं तर उत्तमच, पण त्याच्या जोरावर तिकिटं विकायचा बेत करू नका.

ऑस्करला भारतातर्फे जायचं स्वप्न असेल तर हिशोब पुन्हा बदलतो. परदेशी भाषांतल्या सिनेमांचा तो विभाग वेगळा, त्याचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, त्यात आपल्या देशात थिएटरात सलग सात दिवस चालायला हवं, आणि भारताचा सिनेमा निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनची निवड साधारण सप्टेंबरात होते. डिसेंबरात किंवा मेमध्ये लागलेला सिनेमा या चौकटीत आरामात बसतो. ऑक्टोबरात आलेला मात्र सरळ पुढच्या वर्षाच्या रांगेत जातो.

राहिला गल्ला. खरी डोकेफोड इथेच आहे.

मे महिना वितरकाला आवडतो, आणि ‘सैराट’नंतर तर फारच. शंभर कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला मराठी सिनेमा, आणि सुट्ट्या लागायच्या तोंडावर आलेला. कोकणात मेमध्ये घरं भरलेली असतात, आंबा-काजूचा पैसा हातात असतो, पोरं दुपारी कंटाळलेली असतात. विरोधात आयपीएल, एकेका घरातली चार-चार लग्नं आणि सुट्टीवर डोळा ठेवून येणारे मोठे हिंदी सिनेमे. तालुक्याला एक-दोन पडदे. हिंदीवाला आला की मराठीचे शो सकाळी नऊला ढकलले जातात.

शोच्या वेळेवरून आठवलं. मुंबईचे निर्माते आमच्याकडे रात्री नऊच्या शोसाठी भांडायचे. आम्हाला हसू यायचं. खेड्यातल्या माणसाला वस्तीची एसटी गाठायची असते. ती सुटली की रिक्षाला तिकिटाच्या चौपट. आमच्याकडे भरायचा तो बारा आणि तीनचा शो. मध्यंतरात बायका घड्याळ बघायच्या आणि विचारायच्या, “साडेपाचाक सुटतलो मां?”

गणपती कागदावर सगळ्यात भारी दिसतो. अख्खी मुंबई कोकणात, खिशात पैसे, चार-पाच दिवस सुट्टी. एका वर्षी आमच्या मालकांनी हौसेने चतुर्थीच्या आठवड्यात मराठी सिनेमा लावला. दुसऱ्या दिवशी तीनच्या शोला अकरा माणसं होती, त्यातली चार एसटी उशिरा म्हणून पावसातून आत आलेली. शेजारच्या काकांना मी म्हटलं, या की बघायला. ते म्हणाले, “गणपतीत पिक्चर? मगे आरतेक कोण रवतलो?” बरोबरच होतं. सकाळी पूजा, दुपारी पाहुणे, रात्री वाडीत घरोघर आरत्या आणि भजनं, मग गौरी, ओवसा, फुगड्या. घरात माणसं वीस असली तरी मोकळा एकही नाही.

आणि याहून मोठा घोटाळा वेगळाच. कोकणावरच्या सिनेमाचा खरा प्रेक्षक राहतो लालबाग, ठाणे, डोंबिवली, विरारला. पडदेही तिथेच. ऐन गणपतीत हा प्रेक्षक गावी असतो, जिथून थिएटर पंचवीस किलोमीटर लांब. म्हणजे मुंबईत पडदे आहेत तर माणूस नाही, गावात माणूस आहे तर पडदा नाही.

म्हणून विसर्जनानंतरचे आठवडे मला जास्त पटतात. चाकरमानी परत गेलेला, डोक्यात अजून गाव घोळतंय, व्हॉट्सअॅपवर आरतीचे व्हिडिओ फिरतायत. लोक म्हणतात पितृपक्षात काही नवं करू नये. ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा पितृपक्षच चालू होता, त्याच शुक्रवारी आणखी दोन मराठी सिनेमे लागले होते, तरी तो चांगला चालला. दिलीप प्रभावळकर, कोकणातली गोष्ट आणि नुकताच गावाहून परतलेला प्रेक्षक, असा तो योग होता. प्रत्येकाला तो जुळेल असं नाही. तारीख मात्र पंचांगात बघूनच धरा: २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ची १४ सप्टेंबरला. दिनदर्शिका न बघता ‘सप्टेंबरचा दुसरा आठवडा’ पक्का करणारा २०२६ मध्ये ऐन हरितालिकेच्या गडबडीत सापडेल.

पावसाळ्याला सगळे नाकं मुरडतात. जून-जुलैत भाताची लावणी, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात रोकड नाही, आणि पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की संवाद ऐकू येत नाहीत. पण ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला आला आणि ७५ कोटींच्या पुढे गेला. तो बायकांनी घोळक्याने जाऊन चालवला, शहरांत जास्त. तुमच्या सिनेमाला असा घोळका असेल तरच हा जुगार खेळा.

डिसेंबरअखेर तशी वाईट नाही. ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ ला आला आणि दणकून चालला. पण तो रितेश देशमुखचा सिनेमा होता. नवख्याला त्या आठवड्यात पडदेच मिळत नाहीत. शिवाय आमच्याकडे तेव्हा जत्रांचा हंगाम, रात्री देवळापुढे फुकटात दशावतार. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांनी खाल्लेले.

मित्राला मी सांगितलं: सर्टिफिकेटचा अर्ज आत्ताच टाक, ते याच सालात पडू दे, नोव्हेंबरात पणजीच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, निवड झाली तर तेवढीच चर्चा. सिनेमात मोठं नाव नाही, म्हणून मे सोड आणि विसर्जनानंतरचा दुसरा शुक्रवार धर. मुंबई-ठाण्यात पडदे जास्त माग, कोकणात चारच घे, पण बारा आणि तीनचे. मेव्हणा अजून गणपतीवरच अडून आहे. त्याला म्हटलं, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तू स्वतः थिएटरात येऊन बसणार असशील तर लावू. तो म्हणाला, “त्या दिवशी आमच्याकडे भजन असता.”