एमएलबी टीव्ही: पैसे शेवटच्या तीन इनिंगचे

एमएलबी टीव्ही म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या मॅच दाखवणारं, पैसे भरून घ्यायचं ॲप. पलूसजवळ आमचं दूध संकलन केंद्र आहे. अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या शहरांत संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते. सव्वासहाला केंद्रावर गर्दी होते, नेमका तेव्हाच मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमलेला असतो आणि बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचर जिथं हात गरम करतात त्या जागेचं, दार उघडतं. फॅट मशीनला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर मी एवढंच बघतो. होमरनचं, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकाराचं, कौतुक दुसऱ्यांनी करावं.

या सबस्क्रिप्शनची खरी किंमत म्हणजे सगळेच्या सगळे 30 संघ बघायला मिळतात. माझ्यासारख्याला एक संघ धरून चालत नाही, कारण माझा माणूस होता जेसी चावेझ, एक रिलीव्हर, म्हणजे मुख्य पिचरच्या जागी मागून येणारा पिचर. 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, 42व्या फेरीत निवडलेला, 2008 मध्ये पिट्सबर्गकडून पहिल्यांदा मैदानात उतरला आणि पुढं एकूण नऊ संघांकडून खेळला. संघांनी आपसांत सर्वांत जास्त वेळा देवाणघेवाण केलेला खेळाडू हाच. कारखान्यातल्या हंगामी कामगारासारखं, गाळप सुरू झालं की बोलावणं, पट्टा पडला की घरी! 2022 चा मोसम त्यानं शिकागो कब्जकडून सुरू केला, एप्रिलमध्ये अटलांटा, ऑगस्टच्या सुरुवातीला एंजल्स आणि महिना संपायच्या आत परत अटलांटा. किटल्या घेऊन येणारे आमचे आप्पा स्क्रीनकडं बघून म्हणाले, “ह्येची टोपी परत बदलली व्हय रं?”

वेग फार नव्हता, पण त्याचा कटर नावाचा चेंडू बॅटजवळ येऊन जरासा सरकायचा आणि चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागून मेलेला उडायचा. पाच मिनिटांत काम उरकून मान खाली घालून डगआउटमध्ये. 2021 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकलेल्या अटलांटा संघातही तो होता. जुलै 2025 मध्ये निवृत्त झाला, तेव्हा चाळिशी ओलांडलेली.

आता ॲपबद्दल. व्हिडिओला रेंज लागते आणि आमच्याकडं पावसाळ्यात ती रुसते. तेव्हा दोन्ही संघांची रेडिओ कॉमेंट्री ऐकता येते, डेटाही कमी जातो. मराठी सोडा, हिंदी कॉमेंट्रीसुद्धा नाही. 2023 पासून पिचरला घड्याळ लावल्यामुळं, म्हणजे ठरलेल्या वेळात चेंडू टाकायचं बंधन आल्यामुळं, मॅच साधारण पावणेतीन तासांत आटोपते, म्हणजे सव्वासातला मी मोकळा. आणि 2020 च्या नियमानं रिलीव्हरला निदान तीन बॅटर खेळवावे लागतात, इनिंग संपली तर गोष्ट वेगळी. एका बॅटरपुरता येणारा डावखुरा त्यामुळं जवळपास संपला. मला तो नियम अजून पटलेला नाही.

क्रिकेटसारखं सलग बघत बसायचं असेल तर घेऊ नका. पहाटे उठणाऱ्यांनी जरूर घ्या. पैसे डॉलरमध्ये कापले जातात, तेव्हा आधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि मार्चअखेर, मोसमाच्या तोंडावरच भरा. ऑगस्टात भरून निम्म्याहून जास्त मॅच हुकवण्यात काही अर्थ नाही.