साडेसातशेचं पर्जन्यमापक, उपग्रहाचं अ‍ॅप आणि आप्पांची पहार: नऊ महिने वापरल्यावर

आमचं रान मंगळवेढ्याच्या बाजूला. सहा एकर काळी, त्यातली चार भारी आणि दोन मध्यम, विहिरीचा भरवसा नाही. खरिपात रान मोकळं ठेवायचं, पाऊस जिरवायचा आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी काढायची, हा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या साली 'पाऊस किती झाला' या प्रश्नाला आमच्या वस्तीत पाच माणसांची पाच उत्तरं होती. म्हणून पुढच्या मृगाच्या आधी दोन गोष्टी घेतल्या: प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक, साधारण साडेसातशे रुपयांचं, आणि उपग्रहावरून पीक दाखवणाऱ्या एका अ‍ॅपची वर्षाची वर्गणी. जूनपासून फेब्रुवारीत ज्वारी काढेपर्यंत दोन्ही वापरली.

आधी पर्जन्यमापक. वर नरसाळं, आत बारीक नळी, बाहेर मोठा डबा. नरसाळ्याचं तोंड नळीच्या दहापट क्षेत्रफळाचं, त्यामुळे 1 मिलिमीटर पाऊस नळीत 1 सेंटिमीटर दिसतो आणि चष्मा न लावता वाचता येतो. नळी 25 मिलिमीटरला भरते. त्यावरचं पाणी बाहेरच्या डब्यात सांडतं, ते नळीत ओतून पुन्हा मोजायचं. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस त्याच वेळेला बदलतो. त्यांच्या हिशेबात 2.5 मिलिमीटरच्या आत पडला तर तो दिवस पावसाचा धरतच नाहीत. आमच्याकडे तेवढ्यावर लोक स्टेटस ठेवतात.

पहिला महिना माझ्या चुकीने वाया गेला. यंत्र अंगणात, लिंबाच्या झाडाजवळ लावलं होतं. वाऱ्याचा पाऊस झाडच अडवायचं आणि नंतर पानांवरचं पाणी टपकत राहायचं. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट तरी लांब लावावं, हे नंतर कळलं. मग रानातच मोकळ्यावर खुंट रोवला. जुलैत नरसाळ्यात कुंभारमाशीने घर केलं आणि एका पावसाची नोंद हुकली. नळीवरचे आकडे उन्हाने सहा महिन्यांत फिके पडले, आता मीच मार्करने गिरवलेत. एवढं सोडलं तर तक्रार नाही.

खरी परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी झाली. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. फार आधी पेरली तर खोडमाशी पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, खाते, फार उशीर झाला तर ओल उडते. एका संध्याकाळी जोराची सर आली. दुसऱ्या दिवशी महसूल मंडळाच्या केंद्राचा आकडा आला 22 मिलिमीटर, आणि लोकांनी पेरणीच्या पाभरी बाहेर काढल्या. माझ्या नळीत 9 होतं. एक मिलिमीटर म्हणजे एकराला सुमारे 4 हजार लिटर, म्हणजे 9 चे 36 हजार. ऐकायला हा आकडा भारी वाटतो. पण आमचे चुलते, आप्पा, पहार घेऊन आले, चार ठिकाणी उकरलं आणि म्हणाले, "वरची चार बोटं भिजल्यात. खाली कोरडं हाय. बी उगवंल, मग काय खाईल?"

आठवडाभर थांबलो. त्या आठवड्यात झोप लागली नाही हे कबूल करतो, कारण शेजारी पेरत होते आणि घरचे माझ्याकडे बघत होते. मग हस्ताने 31 मिलिमीटर दिले. वापसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं, तशी दोन चाड्यांच्या पाभरीने, बी आणि खत बरोबर, पेरणी उरकली. यंदा पेरणीची घात, म्हणजे नेमकी वेळ, साधली ती नळीतल्या 9 मुळे, असं मी म्हणतो. आप्पा म्हणतात पहारीमुळे. खरं सांगायचं तर ओढ्याकाठच्या भारी रानात ज्यांनी त्या 22 वर पेरलं, त्यांचंही पीक चांगलंच आलं, कारण त्यांच्याकडे खरंच 22 पडला असणार. दोन किलोमीटरवर एवढा फरक पडतो, आणि हे यंत्र घेण्यामागचं कारणच ते आहे.

एक गोष्ट घेण्याआधी समजून घ्या: आपल्या नळीतला आकडा पीकविम्याला किंवा सरकारी मदतीला चालत नाही. तिथे मंडळाच्या केंद्राचाच आकडा धरतात. आपली वही आपल्या निर्णयापुरती.

आता अ‍ॅप. नकाशा सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रांवरून बनतो. एक ठिपका 10 मीटरचा आणि चित्र साधारण दर पाच दिवसांनी. कागदावर झकास. पण पावसाळ्यात ढग आले की चित्र गायब, आणि आम्हाला बघायचं असतं ते नेमकं तेव्हाच. ऑगस्टात एकदा सलग तीन आठवडे नकाशा कोरा होता. त्याआधी जुलैत आमच्या मोकळ्या रानाला 'पिकाची स्थिती उत्तम' असा शेरा मिळाला. ते हिरवं म्हणजे कुंदा आणि हराळीचं तण! बांधाच्या कडेला बाभळींमुळे तर रान बारमाही हिरवं दिसतं.

डिसेंबरात मात्र त्याने कमाई केली. आभाळ स्वच्छ, पीक कमरेएवढं, आणि ईशान्य कोपऱ्यात पिवळसर पट्टा दिसू लागला. बांधावरून काहीच कळत नव्हतं. आत जाऊन पाहिलं तर खालची पानं वळत होती आणि जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. तिथे हातभर मातीखाली मुरूम आहे, हे वाटण्या झाल्या तेव्हापासून कोणी बोललं नव्हतं. आठव्या आठवड्याची कोळपणी दातेरी कोळप्याने तिथे आधी करून घेतली, भेगा बुजल्या. पिवळेपणा गेला नाही, वाढला मात्र नाही. पुढच्या वर्षी तेवढ्या तुकड्यात फुले अनुराधा हे हलक्या रानाचं ज्वारीचं वाण टाकणार. हलक्या रानाला मालदांडीचा हट्ट नको.

अ‍ॅपमधला पावसाचा अंदाज मी महिनाभरात बघायचा सोडला. फुकटात मिळणारा हवामान विभागाचा कृषी सल्ला, मंगळवार आणि शुक्रवारचा, मला जास्त कामाचा वाटला. त्यातला पाच दिवसांचा अंदाज बघून एकदा फवारणी पुढे ढकलली, ती बरोबर ठरली. घरातले अण्णा अजून पंचांगात पावसाच्या नक्षत्राचं वाहन बघतात. यंदा बेडूक होता म्हणून ते खूश होते. त्यांच्याशी वाद घालत नाही, वहीत त्यांचाही रकाना केलाय.

कोणी काय घ्यावं? कोरडवाहू रान असेल तर पर्जन्यमापक आणि वही डोळे झाकून. रान वीस-पंचवीस एकर असेल किंवा मालक पुण्यात राहत असेल, तर अ‍ॅप परवडेल. सहा एकराला पायी चक्कर पुरते.

वर्गणी संपली, पुन्हा भरली नाही. ओढ्याकडच्या भावाच्या रानासाठी दुसरं पर्जन्यमापक मागवलंय. आप्पांनी त्याचा खुंट आधीच रोवून ठेवलाय, थेट बाभळीखाली, सावलीला. तो हलवायचं त्यांना सांगणार कोण, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.